युरोपीय फुटबॉलचा पंक्तिप्रपंच

कझाकस्तानातील अलमाटी शहरी २६ ऑगस्ट २०२५ रोजी झालेल्या फुटबॉल सामन्यात खेळ चालू असेतोवर एकही गोल झाला नाही. सहा दिवसांपूर्वी ग्लासगोत झालेल्या पहिल्या लढतीतही तो झाला नव्हता. जादा वेळ धरून दोनशे दहा मिनिटे झुंजल्यानंतर अखेर निकाल पेनल्टी किकांवर सोपवावा लागला आणि कैरात या यजमान संघाचा तेमिरलान अनारबेकोव्ह हा एकवीस वर्षांचा गोलरक्षक स्कॉटलंडच्या सेल्टिक संघाच्या तीन किका अडवून एका रात्रीत देशाचा नायक ठरला. क्रीडापृष्ठावर हा निकाल दोन-चार ओळींत आटोपण्याजोगा. ‘धक्कादायक’ हे त्या पृष्ठाचे आवडते विशेषण लावले म्हणजे काम भागते. परंतु चँपियन्स लीग या युरोपातील सर्वांत मोठ्या क्लब स्पर्धेच्या उंबरठ्यावर, प्ले-ऑफ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अखेरच्या पात्रता फेरीत लागलेल्या या निकालाचा जमाखर्च मांडू गेल्यास खेळापेक्षा अर्थकारणाचे आणि अर्थकारणापेक्षाही न्यायाचे प्रश्न पुढे येतात.

आधी जमाखर्चच पाहू गेले तर चित्र असे दिसते. २०२४ ते २०२७ या तीन मोसमांसाठी युरोपीय फुटबॉल महासंघाने, म्हणजे युएफाने, जी वाटणी ठरवली आहे तीनुसार मुख्य स्पर्धेत पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक संघाला निव्वळ हजेरीचे म्हणून १ कोटी ८६ लाख युरो मिळतात. पुढे प्रत्येक विजयामागे २१ लाख आणि बरोबरीमागे ७ लाख युरो. प्ले-ऑफमध्ये हरणाऱ्या संघाची रवानगी युरोपा लीग या दुय्यम स्पर्धेत होते व तेथील हजेरीचा दर ४३ लाख युरो आहे. पराभूतांना नुकसानभरपाईदाखल वेगळी रक्कम दिली जाते हे खरे. पण ती जमेस धरूनही ही दरी निम्म्याने बुजत नाही. स्पर्धेचा इतिहास आणि दूरचित्रवाणीची बाजारपेठ यांच्या प्रमाणात जी वाटणी होते ती निराळीच. एका किकेवर एवढा पैसा लटकलेला असेल, तर त्या किकेला खेळ म्हणायचे की सट्टा, असा प्रश्न कोणा हिशेबी माणसाच्या मनात आला तर त्याला दोष देता येणार नाही.

पण हा सट्टा खेळण्याची सक्ती सर्वांवर नाही, आणि खरी मेख येथेच आहे. २०२५-२६ च्या मोसमात चँपियन्स लीगच्या मुख्य फेरीत छत्तीस संघ होते. त्यांपैकी एकोणतीस संघ एकही पात्रता सामना न खेळता थेट आत आले. उरलेल्या सात जागांसाठी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापासून युरोपच्या कानाकोपऱ्यांतील संघ एकमेकांना बाद करीत राहिले. या सातांपैकी पाच जागा लहान व मध्यम देशांच्या राष्ट्रीय विजेत्यांसाठी आणि दोन जागा इतर देशांतील वरच्या क्रमांकाच्या, पण विजेते नसलेल्या संघांसाठी होत्या. कैरात हा आपल्या देशाचा रीतसर विजेता. पण त्याला चार फेऱ्या आणि आठ सामने खेळावे लागले. स्लोव्हेनिया, फिनलंड आणि स्लोव्हाकिया या देशांचे विजेते त्याने आधी पार केले आणि मग त्याच्यासमोर सेल्टिक उभा राहिला. याच मोसमात इंग्लंडमधून सहा संघ थेट आत गेले. त्यांतला टॉटनहॅम आपल्या वीस संघांच्या लीगमध्ये सतरावा आला होता. अडतीस सामन्यांपैकी बावीस हरलेला आणि पदावनतीच्या रेषेच्या जेमतेम वर राहिलेला हा संघ मे २०२५ मध्ये बिल्बाओ येथे युरोपा लीगचा अंतिम सामना जिंकला, आणि त्या विजेत्यास चँपियन्स लीगमध्ये थेट जागा असते. नियमात यात काहीच गैर नाही. त्या अंतिम सामन्यात त्याचा प्रतिस्पर्धी असलेला मँचेस्टर युनायटेड लीगमध्ये पंधरावा होता, ही गोष्ट येथे केवळ गमतीदाखल नमूद करावयाची.

पंक्तीत बसलेल्यांपैकी कोणाला तूप वाढायचे आणि कोणाला नुसते ताक, यावरून आपल्याकडे पंक्तिप्रपंच हा शब्द रूढ झाला. युरोपीय फुटबॉलमध्ये त्याची तऱ्हा थोडी वेगळी आहे. तेथे काहींची पाने आधीपासूनच मांडलेली असतात आणि काहींना पंक्तीत बसण्यापूर्वी दाराशी एकमेकांशी कुस्ती खेळावी लागते.

ही स्पर्धा जन्माला आली तेव्हा तिची कल्पना निराळी होती. ‘लेकिप’ या फ्रेंच क्रीडा दैनिकाचे गाब्रिएल आनो यांच्या पुढाकाराने १९५५ साली सोळा संघांची युरोपीय चषक स्पर्धा सुरू झाली. त्या पहिल्या वर्षी संघ निमंत्रणाने आले होते. इंग्लंडचा विजेता चेल्सी आपल्या लीगच्या सल्ल्यावरून आलाच नाही आणि स्कॉटलंडकडून विजेत्याऐवजी हिबर्नियन आला. तेव्हा पहिल्या दिवसापासून सर्व काही तत्त्वशुद्ध होते असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु लवकरच ‘प्रत्येक देशाचा विजेता आणि मागील वर्षीचा चषकधारक’ हे तत्त्व स्थिर झाले व पुढे साडेतीन दशके टिकले. माद्रिदचा विजेता आणि लक्झेंबर्गचा विजेता एकाच मडक्यातील चिठ्ठ्यांमधून निघत. लक्झेंबर्गचा संघ पहिल्याच फेरीत गारद होई ही गोष्ट वेगळी. त्याचा हक्क मात्र तोच होता. त्या व्यवस्थेत १९६७ साली सेल्टिकने लिस्बनमध्ये इंटर मिलानला हरवून चषक जिंकला, आणि त्या संघातील यच्चयावत खेळाडू सेल्टिकच्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेले होते. १९८६ साली बुखारेस्टच्या स्तेआउआने बार्सिलोनाला, तर १९९१ साली बेलग्रेडच्या रेड स्टारने मार्सेयला पेनल्टी किकांवर नमवून तोच चषक पूर्व युरोपात नेला.

रेड स्टारच्या विजयानंतर पुढच्याच वर्षी त्या देशाचे तुकडे झाले आणि स्पर्धेचे नावही बदलले. १९९२ मध्ये ती चँपियन्स लीग झाली. नाव विजेत्यांचे राहिले आणि पंक्तीत हळूहळू इतर जण येऊन बसू लागले. १९९४ ते १९९७ या तीन मोसमांत तर लहान देशांच्या विजेत्यांना स्पर्धेतून सरळ वगळून युएफा चषकाकडे वळवण्यात आले होते. ते १९९७ मध्ये परतले, पण त्याच वर्षी मोठ्या देशांच्या उपविजेत्यांनाही दार उघडण्यात आले, आणि १९९९ पासून बलाढ्य देशांचे प्रत्येकी चार संघ येऊ शकतील अशी सोय झाली. त्याच सुमारास, डिसेंबर १९९५ मध्ये, युरोपीय न्यायालयाने बोसमन खटल्याचा निकाल दिला. करार संपलेल्या खेळाडूला जाऊ देण्यासाठी मोबदला मागण्याचा क्लबांचा अधिकार त्या निकालाने संपला आणि परदेशी खेळाडूंच्या संख्येवरील मर्यादाही युरोपीय संघाच्या नागरिकांपुरती उडाली. खेळाडूच्या दृष्टीने हा न्याय होता यात संशय नाही. परंतु स्तेआउआ किंवा रेड स्टार यांच्यासारखे संघ घरच्या मुलांना दहा वर्षे एकत्र ठेवून जे उभारीत त्याचा पाया त्यामुळे उखडला. दूरचित्रवाणीचा पैसा आणि खेळाडूंचा खुला बाजार ही दोन चाके एकाच गाडीला एकाच वेळी बसली म्हणजे ती कोणत्या दिशेला धावणार हे सांगण्यास ज्योतिषाची गरज नव्हती.

आजच्या प्ले-ऑफचा जन्म या पार्श्वभूमीवर झाला, तोही राजकारणातून. जानेवारी २००७ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे फ्रान्सचे एके काळचे अव्वल खेळाडू मिशेल प्लाटिनी यांनी लेनार्ट योहान्सन यांचा २७ विरुद्ध २३ मतांनी पराभव करून युएफाचे अध्यक्षपद मिळवले. युएफात प्रत्येक देशाला एक मत असते. जर्मनीचे मत आणि माल्टाचे मत यांत तेथे भेद नाही. लहान देशांना स्पर्धेत अधिक वाव देण्याचे आश्वासन प्लाटिनींनी दिले होते आणि २००९ पासून ते त्यांनी अर्धेमुर्धे का होईना, पण पाळले. पात्रता फेऱ्यांचे त्यांनी दोन स्वतंत्र मार्ग केले. त्याआधी सायप्रसच्या विजेत्याची गाठ शेवटच्या फेरीत इंग्लंडच्या चौथ्या संघाशी पडू शके आणि निकाल बहुधा सोडतीच्या दिवशीच ठरून जाई. आता विजेत्यांनी विजेत्यांशी झगडावे आणि इतरांनी इतरांशी, असे ठरले. बत्तीस संघांपैकी बावीस थेट, पाच विजेत्यांच्या मार्गाने व पाच दुसऱ्या मार्गाने, ही त्या वेळची विभागणी होती.

तिची फळे लगेच दिसली. २००९ मध्ये सायप्रसचा अपोएल कोपनहेगनला हरवून आत आला. तोच संघ २०११ च्या प्ले-ऑफमध्ये पोलंडच्या विस्वा क्राकोव्हला मागे टाकून पुढे गेला, आपल्या गटात टिकला आणि थेट उपान्त्यपूर्व फेरीत जाऊन रेआल माद्रिदसमोर उभा राहिला. बेलारूसच्या बोरिसोव्ह गावातील मोटारी व ट्रॅक्टर यांची विद्युत उपकरणे बनवणाऱ्या कारखान्याच्या नावाने खेळणाऱ्या बाटे या संघाने ऑक्टोबर २०१२ मध्ये बायर्न म्युनिकला ३-१ असे हरवले. तो बायर्न पुढे त्याच मोसमाचा विजेता ठरला, हे विशेष.

ही व्यवस्था नऊ मोसम चालली. मग प्लाटिनी निलंबित झाले, त्यांचे पद गेले, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये, नवा अध्यक्ष निवडला जाण्यापूर्वी अवघे काही आठवडे असताना, युएफाने जाहीर केले की २०१८ पासून पहिल्या चार देशांचे प्रत्येकी चार संघ थेट येतील. धनी घरात नसताना वाटणीपत्र झाले म्हणतात, तसाच हा प्रकार. थेट जागा बावीसवरून सव्वीस झाल्या आणि प्ले-ऑफच्या दहावरून सहा. विजेत्यांच्या वाट्याला चारच उरल्या. एप्रिल २०२१ मध्ये बारा श्रीमंत क्लबांनी स्वतःची वेगळी सुपर लीग काढण्याचा घाट घातला. संस्थापकांना तेथून कधीच बाहेर पडावे लागणार नव्हते. इंग्लंडमधील चाहते रस्त्यावर उतरले आणि दोनच दिवसांत सहाही इंग्रज क्लब मागे फिरले. लोकांनी खेळ वाचवला अशी त्या वेळी ग्वाही फिरली व ती सर्वस्वी खोटी नव्हती. पण त्याच आठवड्यात युएफाने छत्तीस संघांच्या नव्या आराखड्याला संमती दिली होती. जुन्या लौकिकावर दोन क्लबांना जागा देण्याची त्यातील तरतूद मे २०२२ मध्ये व्हिएन्ना येथे वगळण्यात आली. तिच्याऐवजी मागील मोसमात सर्वोत्तम कामगिरी केलेल्या दोन देशांना प्रत्येकी एक जादा जागा देण्याचे ठरले. चार वाढीव जागांपैकी एक विजेत्यांच्या मार्गाला मिळाली, म्हणून चाराच्या पुन्हा पाच झाल्या. जादा जागांचे ते दोन देश पहिल्या मोसमात इटली आणि जर्मनी, तर दुसऱ्यात इंग्लंड आणि स्पेन निघाले. सुपर लीग दाराने हाकलली आणि तिच्या मागण्यांचा काही भाग खिडकीतून आत घेतला, असे कोणी म्हटले तर त्याचे खंडन करणे युएफाला जड जाईल.

या व्यवस्थेच्या समर्थकांचे म्हणणे थोडक्यात असे. प्रेक्षक मोठ्या संघांमुळे येतात, पैसा प्रेक्षकांमुळे येतो, आणि त्याच पैशातून लहानांनाही काही मिळते. शिवाय खेळाचा दर्जा राखायचा तर दुबळ्यांची भरती करून कसे चालेल? हंगेरीचा डेब्रेत्सेन २००९ मध्ये आणि स्लोव्हाकियाचा झिलिना २०१० मध्ये प्ले-ऑफ जिंकून आले आणि गटातील सहाच्या सहा सामने हरून परत गेले. कैरातलाही पहिल्या सामन्यात लिस्बनमध्ये स्पोर्टिंगकडून ४-१ व दुसऱ्यात घरच्या मैदानावर रेआल माद्रिदकडून ५-० असा मार खावा लागला. हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. तथापि २०२१ मध्ये मोल्दोवाच्या शेरिफ तिरास्पोलने प्ले-ऑफमध्ये झाग्रेबच्या दिनामोला ३-० असे लोळवले आणि महिन्याभरात माद्रिदच्या बेर्नाबेउ मैदानावर रेआलला २-१ असे हरवले, त्याची संगती मग कशी लावायची? तो विजय नुसता लहान देशाचा नव्हता. तिरास्पोल हे मोल्दोवाची सत्ता न मानणाऱ्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या कोणत्याही सभासद देशाने मान्यता न दिलेल्या एका पट्ट्याचे मुख्य शहर. अर्थात गोल करणारा थिल लक्झेंबर्गचा, गोलरक्षक ग्रीसचा आणि पैसा तेथील दुकाने व पेट्रोल पंप चालवणाऱ्या शेरिफ कंपनीचा, तेव्हा मोल्दोवाच्या फुटबॉलने रेआलला हरवले असे म्हणणे धाडसाचे होईल.

अझरबैजानच्या कराबागची कथा याहून सरस आहे. हा संघ मुळात आगदाम गावचा. १९९३ च्या युद्धात ते गाव उद्ध्वस्त झाले, मैदानही गेले आणि संघ बाकूत येऊन निर्वासितासारखा खेळू लागला. २००८ पासून गुरबान गुरबानोव्ह हा एकच प्रशिक्षक त्याच्यापाशी आहे. युरोपात ही स्थिरता दुर्मीळच. २०१७ च्या प्ले-ऑफमध्ये कोपनहेगनशी एकूण २-२ अशी बरोबरी झाल्यावर परक्या मैदानावरील गोलाच्या तेव्हाच्या नियमाने तो आत आला; तो नियम २०२१ मध्ये रद्द झाला. २०२५ मध्ये बुडापेस्टच्या फेरेन्त्स्वारोशला ५-४ अशा एकूण फरकाने मागे टाकून तो पुन्हा आला आणि १६ सप्टेंबर रोजी लिस्बनमध्ये दोन गोलांनी मागे पडूनही बेन्फिकाला ३-२ असे हरवून गेला. येथे एक विनोद घडला. बेन्फिकाने तीन आठवड्यांपूर्वीच प्ले-ऑफमध्ये तुर्कस्तानच्या फेनरबाह्चेला हरवले होते, आणि त्या पराभवापायी दोन दिवसांत फेनरबाह्चेचे प्रशिक्षक जोझे मोरिन्यो यांना घरी जावे लागले होते. कराबागकडून हरताच बेन्फिकाने आपल्या प्रशिक्षकास काढले आणि त्या जागी ज्याला नेमले ते मोरिन्योच! प्ले-ऑफने एका हाताने घेतलेली नोकरी दुसऱ्या हाताने परत दिली.

सेल्टिकच्या वाट्याला असले काही आले नाही. स्कॉटलंडचे क्रमांकन घसरल्यामुळे त्याच्या विजेत्यास २०२५ मध्ये थेट प्रवेश नव्हता. हे क्रमांकन देशातील सर्व क्लबांच्या मागील पाच मोसमांतील युरोपीय कामगिरीवरून ठरते, म्हणजे पाच वर्षांपूर्वी शेजारच्या क्लबाने काय केले याचाही जाब आजच्या विजेत्याला द्यावा लागतो. पहिल्या दहा देशांचे विजेते थेट आत. अकराव्यापासून पुढचे दाराशी. त्यात एक विलक्षण कोंडी आहे. प्ले-ऑफ संपते ऑगस्टच्या अखेरीस आणि खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत संपते त्यानंतर चार-पाच दिवसांत. मिळकतीची खात्री नसताना क्लबाचे संचालक मोठी खरेदी करण्यास धजत नाहीत, आणि खरेदी न केल्यामुळे मिळकत हुकते. सेल्टिकने जानेवारीत क्योगो फुरुहाशी आणि उन्हाळ्यात निकोलास क्यून हे आघाडीचे खेळाडू विकले होते. त्यांच्या तोलाचे कोणी आले नाही, आणि दोन्ही लढतींत मिळून एक गोल झाला नाही. ऑक्टोबर संपण्याआधी प्रशिक्षक ब्रेंडन रॉजर्स यांनी राजीनामा दिला. त्याच आठवड्यात ग्लासगोचा दुसरा नामांकित संघ रेंजर्स हाही बेल्जियमच्या क्लब ब्रुगकडून दोन लढतींत मिळून ९-१ असा हरला होता, एवढेच काय ते समाधान सेल्टिकच्या काही चाहत्यांना मिळाले असावे.

पात्रता फेरीत नशिबापेक्षाही कारकुनी कशी घात करते याचे उदाहरण २०१४ मधले आहे, आणि त्यात लाभ झाला होता सेल्टिकचाच. प्ले-ऑफच्या आधीच्या फेरीत वॉर्साच्या लेगिया संघाने सेल्टिकला ४-१ व २-० असे दोनदा हरवले. दुसऱ्या लढतीच्या अखेरच्या काही मिनिटांत बेरेशिन्स्की नावाचा बदली खेळाडू मैदानात उतरला. त्याच्यावर तीन सामन्यांची बंदी होती आणि तो तीन सामने बाहेर बसलाही होता. परंतु त्यांपैकी दोन सामन्यांसाठी त्याचे नाव क्लबाने नोंदणी यादीत घातलेच नव्हते. यादीत नाव नसलेल्याची शिक्षा भोगली असे धरता येत नाही, असा नियम निघाला. सामना सेल्टिकला ३-० असा बहाल झाला, एकूण ४-४ अशी बरोबरी झाली आणि परक्या मैदानावरील गोलाच्या जोरावर सेल्टिक पुढे गेला. कार्यालयांत टिपणी आणि नोंदवह्या सांभाळणाऱ्यांना या प्रसंगाचे मर्म अधिक सांगावयास नको. पुढच्याच फेरीत स्लोव्हेनियाच्या मारिबोरने सेल्टिकला बाहेर काढले.

असे असूनही या फेरीत जो जीव आहे तो मुख्य स्पर्धेच्या सुरुवातीच्या सामन्यांत क्वचितच सापडतो. आठ सामन्यांच्या लीगमध्ये एक पराभव माद्रिदला किंवा म्युनिकला परवडतो. बोदोला किंवा बाकूला ऑगस्टमधला पराभव परवडत नाही. उत्तर ध्रुववृत्ताच्या आत, पन्नास हजारांच्या आसपास वस्तीच्या बोदो गावचा ग्लिम्ट हा संघ २०२४ मध्ये रेड स्टारकडून याच फेरीत हरला. वर्षभराने ऑस्ट्रियाच्या स्टुर्म ग्राझला घरी ५-० असे हरवून तो आत गेला, आणि २००७ नंतर प्रथमच नॉर्वेचा संघ मुख्य फेरीत दिसला. पात्रतेची ही रीत आशियातही आहे. १३ ऑगस्ट २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर ओमानच्या अल-सीबला २-१ असे हरवून एफसी गोवा आशियाच्या दुसऱ्या श्रेणीच्या चँपियन्स लीगमध्ये गेला, आणि त्यामुळेच सौदी अरेबियाचा अल-नासर हा धनाढ्य संघ गोव्यात येऊन खेळला. उंबरठ्यावरील एका सामन्याने एखाद्या गावाला काय पाहावयास मिळू शकते हे मडगावकरांनी अनुभवले आहे.

तेव्हा ही फेरी रद्द करा असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. तक्रार आहे ती दोन बाबींची. पहिली जागांची. दहाच्या सहा आणि सहाच्या सात हा जो प्रवास झाला, त्यात छत्तीस पानांच्या पंक्तीत चाळीसहून अधिक देशांच्या विजेत्यांसाठी पाच पाने उरली. युएफाचे सभासद देश पंचावन्न आहेत आणि मते सर्वांची सारखी आहेत. ती ज्या वेळी मोजली जातात त्या वेळी लहान देश हे का विसरतात, हे कोडेच आहे. दुसरी बाब त्याहून गंभीर असून तिच्याकडे लक्ष मात्र कमी जाते. दाराशी कुस्ती जिंकणाऱ्याला जे मिळते ते त्याच्या स्वतःच्या घरात काय करते?

ज्या देशात एका क्लबाचे वार्षिक अंदाजपत्रक पाच-सात कोटींचे आणि बाकीच्यांचे त्याच्या चतुर्थांशाचेही नसेल, त्या देशात एका क्लबाच्या पदरात अचानक दोन कोटी युरो पडले म्हणजे ती लीग लीग राहत नाही. तो क्लब शेजाऱ्यांचे चांगले खेळाडू उचलतो, पुन्हा विजेता होतो, पुन्हा पात्रता फेरीत जातो आणि पुन्हा पैसा आणतो. बाटेने २००६ ते २०१८ या काळात बेलारूसचे विजेतेपद सलग तेरा वेळा मिळवले. युएफा न खेळणाऱ्या क्लबांसाठी आपल्या क्लब स्पर्धांच्या उत्पन्नातील सात टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे ३० कोटी ८० लाख युरो बाजूला ठेवते. रक्कम ऐकण्यास मोठी वाटते. पण ती पंचावन्न देशांतील शेकडो क्लबांत वाटली जाते आणि तिच्या आठपट रक्कम एकट्या चँपियन्स लीगच्या सहभागी संघांना मिळते. प्ले-ऑफ जिंकणाऱ्याच्या हजेरीच्या रकमेतील एक तृतीयांश हिस्सा त्याच्या देशातील लीगमध्ये परस्पर वाटला जावा आणि हरणाऱ्याच्या व जिंकणाऱ्याच्या वाट्यातील दरी निम्म्यावर यावी, एवढे केले तरी एका किकेवरचा भार हलका होईल आणि मोठ्या क्लबांच्या खिशाला त्यासाठी हातही लावावा लागणार नाही. जागा वाढवण्याची मागणी युएफाच्या सभागृहात फेटाळली जाईल, हे धरून चालावे. ही दुसरी मागणी फेटाळण्यास मात्र कोणतेही सबळ कारण दाखवता येणार नाही. कारण हा पैसा आधीच लहान देशांच्या नावे लिहिलेला आहे, तो कोणाच्या हाती द्यावा एवढाच प्रश्न आहे.

बल्गेरियाच्या ईशान्येस रझग्राद नावाचे लहान शहर आहे. तेथील लुदोगोरेत्स संघाला २०१० मध्ये श्रीमंत मालक मिळाला, २०११ मध्ये तो वरच्या श्रेणीत आला आणि पहिल्याच मोसमात विजेता झाला. २०१४ च्या प्ले-ऑफमध्ये त्याची गाठ स्तेआउआशी पडली. पहिली लढत हरल्यावर दुसरीत नव्वदाव्या मिनिटाला वांदर्सनने गोल करून बरोबरी साधली. जादा वेळेच्या अगदी शेवटी गोलरक्षकाला लाल कार्ड मिळाले. बदली खेळाडू संपले होते. तेव्हा कोस्मिन मोत्सी हा बचावपटू गोलरक्षकाचा अंगरखा घालून उभा राहिला. मोत्सी स्वतः रुमानियाचा आणि समोरचा संघ त्याच्याच देशाचा. पहिली पेनल्टी त्याने स्वतः मारली आणि नंतर दोन अडवल्या. लुदोगोरेत्स ६-५ असा जिंकला आणि रझग्रादच्या मैदानावरील एका प्रेक्षागृहाला पुढे मोत्सीचे नाव देण्यात आले. २०१२ पासून २०२५ पर्यंत बल्गेरियाचे विजेतेपद सलग चौदा वर्षे या एकाच क्लबाकडे राहिले. राजधानीतला सीएसकेए सोफिया हा संघ १९८० साली चषकधारक नॉटिंगहॅम फॉरेस्टला आणि १९८२ साली चषकधारक लिव्हरपूलला युरोपीय चषकातून बाहेर काढून गेला होता. बल्गेरियाचे विजेतेपद त्याने शेवटचे मिळवले ते २००८ मध्ये.